बोट वर काढण्याआधी तिची थरथर लिहून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना अर्धा सरला की आमच्या किनाऱ्यावर आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या आवराआवरीची, धावपळ सुरू होते. ट्रॉलरवाल्यांची तारीख ठरलेली असते, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. गेटवे-मांडवा लाँचही पावसाळ्यात थांबतात. पण या दोन्हींच्या मध्ये तिसराच एक प्रकार आमच्याकडे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत वाढला आहे. बंगलेवाल्यांच्या आणि छोट्या पर्यटन व्यावसायिकांच्या जुन्या स्पीडबोटी, बहुतेक दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या हाताने घेतलेल्या. या बोटी आत्ता वर ओढल्या जातात, ताडपत्रीने शाकारल्या जातात, आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर मला फोन येतो : ‘मिस्त्री, मागच्या सीझनला बोट थरथरत होती, उतरवायच्या आधी जरा बघून घ्या.’

ट्रॉलीवर उभ्या असलेल्या बोटीची थरथर बघायची कशी? ती तेव्हा थरथरत नसते. तीन महिने झाकलेल्या बोटीजवळ उभं राहून मी फक्त अंदाज करू शकतो, आणि अंदाजाने सुटे भाग बदलणं हा मालकाच्या पैशाने खेळलेला जुगार आहे. म्हणून हे पत्र आत्ता लिहितो आहे, बोटी अजून पाण्यात असताना. आपल्या वाचकांत रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्गातले बोटवाले नेमाने असतात, गोव्यातलेही असतील. पत्र जरा लांबणार आहे, त्याची माफी आधीच मागतो.

या बोटींत बहुधा स्टर्न ड्राइव्ह असतो. आउटबोर्डचं इंजिन अख्खं बाहेर टांगलेलं, ट्रॉलरचं अख्खं आत आणि पंख्यापर्यंत (प्रोपेलरपर्यंत) सरळ शाफ्ट. स्टर्न ड्राइव्हमध्ये इंजिन आत, अगदी मागच्या टोकाला, आणि गिअर व पंखा बाहेर; मध्ये बोटीची मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम. १९५९ साली न्यू यॉर्कच्या बोट शोमध्ये व्होल्वो पेंटाने ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावाने हा प्रकार बाजारात आणला. त्यामागचं डोकं जिम विन या अमेरिकन इंजिनिअरचं. दोनच वर्षांनी मर्क्रूझर आला. आमच्या भागातल्या जुन्या बोटींत हीच दोन नावं जास्त दिसतात.

इंजिनाची ताकद बाहेर जाते ती अशी : फ्लायव्हीलवर रबर बसवलेला कपलर, कपलरच्या खाचांत घुसलेला शाफ्ट, तो शाफ्ट ट्रान्सममधल्या गिम्बल बेअरिंगमधून बाहेर, आणि बाहेर पडल्या पडल्या जोडीने दोन क्रॉस, म्हणजे वाकूनही फिरणारे सांधे. ट्रकच्या शाफ्टला असतात तसलेच क्रॉस. त्यापुढे वरचा गिअर, उभा शाफ्ट, खालचा गिअर, पंखा. क्रॉस लागतात कारण या बोटीला वेगळं सुकाणू नसतं. सगळा ड्राइव्हच डावीकडे-उजवीकडे वळतो आणि ट्रिमच्या बटणावर वर-खालीही होतो. क्रॉसभोवती रबरी भाता असतो, बेलो म्हणतात त्याला. भात्याबाहेर समुद्र आणि आत क्रॉस व बेअरिंग, दोघांच्या मध्ये काही मिलिमीटर रबर. जुन्या बोटीची निम्मी दुखणी या रबरापाशी सुरू होतात.

आता मुद्द्याचं. थरथर एकच वाटली तरी तिचं घर वेगवेगळं असतं, आणि ते घर पाण्यातच सापडतं. पहिला प्रश्न : गिअर न टाकता, न्यूट्रलमध्ये, आरपीएम वाढवले तर थरथरते का? पुष्कळांना वाटतं की न्यूट्रलमध्ये मागचं काहीच फिरत नाही. तसं नाही. या ड्राइव्हमध्ये गिअर क्रॉसच्या पुढे सुटतो. म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत कपलर, बेअरिंग आणि क्रॉस फिरतच असतात. थांबलेला असतो तो पंखा. त्यामुळे न्यूट्रलमध्येही हादरे बसत असतील तर पंख्याला हात लावायचं कारण नाही. दोष इंजिनात, त्याच्या माउंटिंगमध्ये, कपलरमध्ये, नाहीतर क्रॉस-बेअरिंगमध्ये. न्यूट्रलमध्ये शांत आणि गिअर टाकून भार आला की थरथर, तर पंखा, पंख्याचा शाफ्ट नाहीतर खालचा गिअर आधी बघायचा.

दुसरा प्रश्न वळणाचा. सरळ चालताना ठीक, पण स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवलं की मागून घरघर येते, ड्राइव्ह वर उचलत गेलं की ती वाढते, असं असेल तर क्रॉस किंवा गिम्बल बेअरिंग. वळणात त्यांना वाकावं लागतं, म्हणून वळणातच बोलतात. याच्या उलट, जोरात वळताना अचानक आरपीएम चढतात, बोट मात्र ढकलली जात नाही आणि सरळ झाली की सगळं जागेवर, तर बहुतेक पंख्याने हवा ओढली. ड्राइव्ह जास्त वर उचलून वळलं की असं होतं. ते दुखणं नव्हे, चालवण्याची पद्धत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे किती आरपीएमला. हजाराच्या आत गदागदा आणि दीड हजाराच्या वर गुळगुळीत, ही तक्रार ड्राइव्हची क्वचितच असते. एखादा सिलिंडर मेलेला असतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून हिरवी पडते, प्लगच्या वायरी तडकतात. त्याहून वाईट म्हणजे एक्झॉस्टचा रायझर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणारा भाग, आतून गंजून फुटतो आणि समुद्राचं पाणी थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं. ओतीव लोखंडाचे हे भाग खाऱ्या पाण्यात कायमचे नसतात, हे बोट विकणारा कधी सांगत नाही. प्लग काढल्यावर एकाच प्लगवर तांबूस गंज आणि ओल दिसली तर सेल्फ मारत बसू नका. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

एक किस्सा सांगतो. त्यावरून कळेल की मी थरथर कागदावर लिहून ठेवण्याचा एवढा आग्रह का धरतो.

गेल्या वर्षी धरमतरच्या खाडीतली एक बोट माझ्याकडे आली. सहा सिलिंडरचं, ४.३ लिटरचं इंजिन, बोट माझ्या मुलीपेक्षा वयाने मोठी. मालक मुंबईचे, शनिवार-रविवार येणारे. तक्रार थरथरीची. आधी एका वर्कशॉपने पंखा बदलून दिला होता. फरक पडला नाही, तेव्हा खालचं गिअर युनिट अख्खं बदललं. खर्च लाखांत गेला. बोट पूर्वीइतकीच थरथरत होती आणि शेठ आता तिसरी वस्तू बदलायच्या तयारीने आले होते. त्यांनी माझ्यासमोर इंजिन माउंटिंगच्या रबराची किंमतसुद्धा काढून ठेवली.

मी म्हटलं, ‘शेठ, बोट चालवतं कोण?’

चालवणारा पोरगा जेटीवरच बसला होता, विशी-बाविशीचा. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. फोन शेठ करतात, वर्कशॉप शेठना उत्तर देतं, आणि ज्याच्या तळपायाला रोज ती थरथर कळते तो लांब उभा. त्याला विचारलं तर म्हणाला, ‘काका, डावीकडं वळवली की ओरडते. उजवीकडं कमी. आणि पाऊस संपल्यावर पहिल्यांदा उतरवली तवापासून.’ अर्धं निदान तिथेच झालं. वर्कशॉपच्या दोन बिलांत यातला एकही शब्द नव्हता.

आम्ही भरतीला बोट खाडीत नेली. मी इंजिनाचं झाकण उघडं ठेवून मागे बसलो. पट्टे आणि पुली यांच्यापासून हात, लुंगी, मफलर, सगळं लांब ठेवून. हे लिहायची गरज नसावी पण लिहितो. इंजिनाच्या खोक्याच्या कडेवर स्टीलचा पेला पाण्याने अर्धा भरून ठेवला. ही माझी सवय आहे. मोबाइलवर थरथर मोजायची ॲप असतात, वापरणाऱ्यांनी खुशाल वापरावीत, पण पेला बोटीतल्या प्रत्येकाला एकाच वेळी दिसतो आणि त्यावर कोणी वाद घालत नाही. न्यूट्रलमध्ये, ड्राइव्ह सरळ आणि खाली, दोन हजारापर्यंत नेलं : पाण्यावर मधोमध बारीक वर्तुळं, तेवढंच. मग आरपीएम कमी करून पोराला म्हटलं स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. वर्तुळं मोडली आणि पाणी एका कडेला चढून थरथरायला लागलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक ट्रान्समच्या आतल्या प्लेटवर, बेअरिंगच्या जवळ टेकवलं आणि दांडा कानाच्या मागच्या हाडाला लावला. आत खडी दळल्यासारखा आवाज. पंखा तेव्हा फिरतही नव्हता. दोनदा पैसे घालून बदललेली बाजू गप्प होती.

बोट वर घेतली. सहा नट काढून ड्राइव्ह मागे ओढला, तेव्हा भात्यातून गढूळ तांबडं पाणी ट्रॉलीवर सांडलं. भाता वरून बघितला तर धड होता. खालच्या बाजूची एक घडी बोटांनी ताणली, तेव्हा तिच्या खोबणीत नखाएवढी चीर दिसली. गिम्बल बेअरिंग आत हात घालून बोटाने फिरवलं तर अडकत अडकत फिरत होतं. क्रॉसच्या एका कपात ग्रीस औषधालाही नव्हतं. सुया होत्या तिथे लाल पीठ. खालचं गिअर युनिट या ड्राइव्हमध्ये वेगळं उतरवता येतं, वरचा भाग जागेवर ठेवून. आधीच्या वर्कशॉपने तेच केलं होतं. त्यामुळे भात्याच्या आत कोणाची नजर गेलीच नाही.

आणि चीर पावसाळ्यातच का पडली? कारण पावसाळाभर ड्राइव्ह पूर्ण वर उचलून ठेवला होता. हे आमच्या किनाऱ्यावर सर्रास चालतं. वर उचललेला ड्राइव्ह दिसायला सुटसुटीत, ट्रॉली सरकवायला सोपा, कुत्रं-मांजर खाली बसत नाही. पण भाता त्या स्थितीत एका बाजूने ताणलेला आणि दुसऱ्या बाजूने चुरगळलेला असतो. तीन महिने तसा राहिला की रबर त्याच आकारात आखडतं, आणि पहिल्यांदा खाली केलं की जुनी घडी फाटते. बोट शाकारताना ड्राइव्ह खाली, सरळ ठेवायचा. एवढ्या एका गोष्टीला पैसे पडत नाहीत.

बेअरिंग नवं, क्रॉस नवे, भाता नवा. बहुतेक जण इथे थांबतात, ड्राइव्ह चढवतात आणि बिल करतात. पण बेअरिंग मरतं ते दरवेळी पाण्यानेच मरतं असं नाही. इंजिन आणि बेअरिंग एका रेषेत नसतील तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जातं, कपलरच्या खाचाही खाऊन टाकतं. त्यासाठी अलाइनमेंट बार असतो. पोलादी दांडा, अर्ध्यात बेअरिंगच्या भोकाच्या मापाचा आणि टोकाला कपलरच्या मापाचा. ड्राइव्ह काढलेला असताना तो बाहेरून आत सरकवायचा. दोन बोटांनी गेला आणि दोन बोटांनी परत आला तर रेषा बरोबर. हातोडीने ठोकून आत घालणारे मी पाहिले आहेत. मग तो बार आणलाच कशाला?

आमचा बार कपलरच्या तोंडाशी अडला. टोकाला ग्रीस फासून पुन्हा घातला आणि काढून पाहिला, तर ग्रीस फक्त वरच्या बाजूने पुसलेलं. म्हणजे इंजिनाची रेषा चुकलेली. मागची माउंटिंग ट्रान्समला पक्की असतात, जुळवणी सगळी पुढच्या दोन माउंटिंगच्या नटांवर. कोणी तरी पूर्वी पुढची बाजू अंदाजाने चढवून ठेवली होती. उजवीकडचा नट सोडला, इंजिन बसलं. डावीकडचा सोडला तर नट फिरला, पण सोबत माउंटिंगची पाटीही हलली. ती ज्या बोल्टांनी खालच्या पाटाला धरली होती, ते बोल्ट हाताने निघाले.

फायबरच्या बोटीत इंजिन ज्यावर बसतं ते स्ट्रिंगर बहुतेक लाकडाचेच असतात, वरून फायबरचं कातडं. जुन्या बोल्टांच्या भोकातून बिल्जचं, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं, पाणी वर्षानुवर्षं मुरतं. वरून पाट चकचकीत दिसतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेलं की चांगल्या लाकडावर टणक आवाज येतो आणि कुजलेल्यावर भद्द. आम्ही छोटं भोक पाडून पाहिलं, तर ड्रिलला कोरडा भुसा नाही, काळा ओला लगदा आला. वासावरूनच शेठना पटलं. माउंटिंगचा पाय सैल म्हणून कोणी तरी ते वर चढवून घट्ट केल्याचा आव आणला होता, त्याने रेषा बिघडली. इंजिन दर लाटेला डावीकडे डुलत होतं. आणि भात्यातून आलेल्या पाण्याने उरलेलं काम केलं. डावीकडे वळताना जास्त ओरडायची ती यामुळे की क्रॉसमुळे, ते मी छातीठोक सांगणार नाही. दोन्ही दुरुस्त केलं.

इंजिन चेन पुलीने उचललं. आंब्याच्या फांदीला नव्हे, नीट घोडी उभी करून. पाटाचं वरचं फायबर कापून कुजलेलं लाकूड चांगलं लागेपर्यंत काढलं, हॅलोजनच्या दिव्याखाली वाळवलं, मरीन प्लायचे तुकडे इपॉक्सीत बसवले, वरून फायबर मॅटचे थर. बोल्टांसाठी आधी मोठी भोकं पाडून ती घट्ट इपॉक्सीने भरली आणि ती सुकल्यावर त्यात बोल्टाचं भोक पाडलं, म्हणजे पाणी आलंच तरी लाकडाला लागणार नाही. या कामाला घाई चालत नाही आणि याचे पैसे मालकाच्या डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून कोणी ते सुचवतही नाही. नंतर बार घातला, नट अर्धा अर्धा फेरा फिरवत जुळवला, शेवटी तो दोन बोटांनी गेला. ट्रॉलरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना : सरळ शाफ्टच्या बोटीचं अलाइनमेंट जमिनीवर करून भागत नाही, बोट पाण्यात उतरली की सांगाडा थोडा बदलतो, तिथे पुन्हा तपासावं लागतं. स्टर्न ड्राइव्हचं काम ट्रॉलीवर चालतं, फक्त बोट नीट टेकवलेली हवी.

बोट उतरवली तेव्हा पेला पुन्हा त्याच जागी ठेवला. पूर्ण डावीकडे वळवूनही पाणी कडेला चढलं नाही. शेठनी पंख्याचं आणि खालच्या युनिटचं काय करायचं असं विचारलं. काय करणार, नवी आहेत, वापरा.

पंख्याचा दोष नसतोच असं म्हणत नाही. आपल्या खाड्यांत ओहोटीला वाळू आणि खडप, भरतीला तुटलेली जाळी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. चालता चालता एकदम थरथर सुरू झाली तर आधी इंजिन बंद करा, ड्राइव्ह उचला आणि पंख्याकडे बघा. निम्म्या वेळा पिशवी निघते. नायलॉनची दोरी असेल तर ती नुसती कापून टाकून पुढे जाऊ नका. पंखा काढून त्याच्या मागे शाफ्टवर वेटोळं राहिलं आहे का ते बघा, कारण ती दोरी शाफ्टच्या सीलमध्ये घुसते. सील गेलं की गिअर ऑइलमध्ये पाणी जातं आणि तेल दुधाळ होतं. खालचा ड्रेन स्क्रू काढल्यावर त्याच्या लोहचुंबकावर मऊ काळी पेस्ट असली तर चालतं. चकचकीत तुकडे असले तर गिअर उघडावा लागेल.

पात्याचं टोक वाकलं की डोळ्याला दिसतं. शाफ्ट वाकला की दिसत नाही. डायल गेज नसेल तर पंखा काढा, इंजिनाची चावी काढून खिशात ठेवा, ड्राइव्हला एक जाड तार अशी बांधा की तिचं टोक शाफ्टला जेमतेम टेकेल, आणि न्यूट्रलमध्ये शाफ्ट हाताने फिरवा. फट उघड-मीट झालेली दिसली तर शाफ्ट वाकला आहे. बदलीचा दुसरा पंखा असेल तर तो लावून बघणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय. आणखी एक दुखणं पंख्याच्या आतल्या रबरी हबचं. त्यात थरथर कमी, घसरण जास्त : आरपीएम चढतात, बोट चढत नाही. आतल्या पितळी तुकड्यापासून बाहेरच्या नळकांड्यापर्यंत ऑइल पेंटने एक सरळ रेघ मारा, एक फेरी मारून या, पंखा बघा. रेघ तुटून दोन ठिकाणी गेली असेल तर हब फिरतो आहे.

आणि एक म्हणजे नुसता हात लावून बघायचं. बोट ट्रॉलीवर असताना ड्राइव्हच्या तळाशी, पंख्याच्या खाली असलेला पर (स्केग) धरून डावी-उजवीकडे जोर लावा. स्टिअरिंग न हलता ड्राइव्ह हातात खुळखुळत असेल तर गिम्बल रिंगची, म्हणजे ड्राइव्ह ज्यावर वळतो त्या कड्याची, वरची पिन झिजली आहे. हळू चालताना बोट शेपूट हलवल्यागत करते ती यामुळे. बरेच जण त्यालाही थरथर म्हणतात आणि मग पंख्याचा बॅलन्स करून आणतात.

तर मालकांना माझं मागणं एवढंच. बोट वर काढण्याआधी, शेवटच्या फेरीला, चालवणाऱ्या माणसाला सोबत घेऊन एक कागद भरा. न्यूट्रलमध्ये दोन हजाराला काय होतं. गिअरमध्ये सरळ चालताना थरथर कितीला सुरू होते आणि कितीला जाते. डावीकडे, उजवीकडे काय. ड्राइव्ह थोडा वर घेतला तर काय. कधीपासून, आणि त्याआधी काय झालं होतं : टेकली होती, दोरी अडकली होती, की पावसाळ्यानंतर आपोआप. पंधरा मिनिटांचं काम आहे. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टिअरिंगला बांधा. माझ्याकडे या अगर दुसऱ्या कोणाकडे जा, हा कागद आधी द्या. आणि जो मेकॅनिक कागद न वाचता पंख्याची किंमत सांगेल त्याला चहा पाजून वाटेला लावा.

वर काढली की गिअर ऑइल लगेच बदला, ऑगस्टपर्यंत थांबू नका. आत पाणी गेलं असेल तर तीन महिने तेच पाणी गिअर आणि बेअरिंग खात बसतं. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते. ड्राइव्ह दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून भात्याच्या घड्या बॅटरीच्या उजेडात, विशेषतः खालून, तपासा. ड्राइव्ह काढलेलाच असेल तर भाता दोन-तीन वर्षं जुना झाला की तो धड दिसला तरी बदलून टाका. भात्याची किंमत आणि बेअरिंगची किंमत शेजारी ठेवून पाहा. बदललेला प्रत्येक जुना भाग मागून घ्या. आणि ड्राइव्ह खाली ठेवून शाकारा, हे वर लिहिलंच आहे.

संपादकसाहेब, आमच्याकडे बोटी वर येतात त्या उधाणाच्या भरतीला. येत्या पौर्णिमेला जेटीवर रांग लागेल आणि त्यानंतर फारशा बोटी पाण्यात उरणार नाहीत. त्याआधीच्या एखाद्या अंकात हे पत्र छापता आलं तर उपयोग होईल. जागेअभावी कापावं लागलं तर पंख्याचा मजकूर कापा, कागदाचा ठेवा.

आपला,
एक बोट मेकॅनिक
रेवस, ता. अलिबाग, जि. रायगड